एक्केचाळीस वर्षांचा म्हातारा

नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, गाण्याच्या बैठकीचं होतं. हल्ली तर मिसळीचंही होतं. वादाचं परीक्षण मात्र कोणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक जमून आलेला वाद संगीत नाटकाच्या तोडीचा असतो. त्यात नांदी असते, पदं असतात, वन्समोअर असतात, एखादं पात्र उगाचच मधे येऊन जातं, आणि तिकीट नसतं. ज्या पुण्यात मी चाळीस वर्षं काढली तिथे हा प्रयोग कोपऱ्याकोपऱ्यावर रोज लागलेला असतो. पण घरच्या कलेची कदर करायला माणसाला परदेशी जावं लागतं. मीही गेलो, आणि तिथे असा एक वाद ऐकला की त्याचं रीतसर परीक्षण लिहिल्यावाचून राहवत नाही.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाचं गाव आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून लोकलनं येता येतं. म्हणजे अंतरानं आणि स्वभावानं साधारण आपली डोंबिवली. तिथे आमचे चिरंजीव राहतात. सूनबाई सकाळी नातवाला शाळेत सोडायला निघाली की वाटेत मलाही एका डोनटच्या दुकानात सोडायची. रस्ता ओलांडायचा नाही, ही ताकीद आम्हा दोघांनाही सारखीच. डोनट म्हणजे गोड मेदुवडा. भोक तेच, फक्त सांबार नाही. कॅलिफोर्नियातली डोनटची बरीचशी दुकानं कंबोडियातून आलेल्या कुटुंबांची आहेत, तसंच हेही. तेव्हा कंबोडियाच्या माणसाच्या दुकानात बसून अमेरिकेचे लोक भांडताहेत आणि पुण्याचा पेन्शनर कॉफी गार करत ऐकतो आहे, असं त्या रंगमंचाचं दृश्य होतं.

काळ, २०२४चा डिसेंबर आणि २०२५चा जानेवारी. हा बेसबॉलचा मोसम नव्हे. तो खेळ मार्चअखेर सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास आटोपतो. मधल्या थंडीत चेंडू पेटीत असतो आणि तोंडं मोकळी असतात. या काळाला तिथे ‘हॉट स्टोव्ह’चा म्हणजे तापलेल्या शेगडीचा मोसम म्हणतात. शेगडीभोवती बसायचं आणि कोणत्या संघानं कोणाला घ्यावं, कोणाला काढावं, हे ठरवायचं. संघांचे मालक आपल्याला विचारत नाहीत याची खंत कोणालाच नसते. आपल्याकडे लग्नं अशीच ठरतात. फरक एवढाच की आपल्याकडे मुलामुलीला तरी शेवटी कळवतात.

आता विषय. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या संघानं जस्टिन व्हर्लँडर या पिचरला घ्यावं की न घ्यावं, एवढाच. हा पिचर म्हातारा आहे यावर पहिल्याच मिनिटाला सर्वांचं एकमत झालं. मी कान टवकारले. म्हातारा म्हणजे किती, असं मी शेजारच्या टोपीवाल्यांना विचारलं. “फॉर्टी-वन,” ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून, “फेब्रुवारीत फॉर्टी-टू.” एखाद्याच्या घरातला आजार सांगावा तसं. सांगणारे स्वतः बाहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे बदललेले. त्यांनी खुर्चीतून उठायचं म्हटलं तर आधी दोन मिनिटं नोटीस द्यावी लागे.

पिचर म्हणजे आपला गोलंदाज. पण चेंडूला टप्पा नाही, आणि कोपर वाकवायला बंदी नाही. उलट कोपर वाकवण्याबद्दलच पगार मिळतो. साठ फूट सहा इंचांवरून ताशी नव्वद-पंच्याण्णव मैलांनी फेकायचं, एका सामन्यात नव्वद-शंभर वेळा, आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा. माणसाचा हात या कामासाठी घडवलेला नाही, हे ब्रह्मदेवालाही मान्य असावं. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कोपरातला तुटलेला बंध काढून तिथे शरीरातला दुसरीकडचा स्नायूबंध ओवायची शस्त्रक्रिया शोधली. १९७४ मध्ये ती टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा झाली, आणि हे गृहस्थ पुढे १९८९ पर्यंत, सेहेचाळीस वर्षांचे होईतो फेकत राहिले. शस्त्रक्रियेला त्यांचंच नाव पडलं. व्हर्लँडरवर ती २०२० मध्ये, सदतिसाव्या वर्षी झाली. २०२२ मध्ये तो परतला आणि अठरा सामने जिंकून, चार हरून त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर ठरला. तिसऱ्यांदा. हे झालं पूर्वरंगाचं. २०२४ मध्ये खांदा दुखावला, मान दुखावली, पाच विजय, सहा पराभव, आणि ह्यूस्टनच्या संघानं बाद फेरीच्या यादीतूनही त्याला वगळलं. त्यानंतर तो मोकळा झाला. मोकळा म्हणजे बेकार. पण अशा कमाईच्या माणसाला बेकार म्हणायची आपली छाती नाही.

वादाची नांदी पैशानं झाली. एक निवृत्त हिशेबनीस त्या टेबलावर असत. म्हाताऱ्याला एका वर्षाचे दीड कोटी डॉलर द्यावे लागतील, या कल्पनेनं त्यांना डोनट गोड लागेना. मी मनातल्या मनात रुपये केले. सव्वाशे कोटींच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. लंकेतल्या सोन्याच्या विटा मोजून आपल्याला काय करायचं? पण हिशेबनीस सोडेनात. एवढ्या पैशात काय काय येईल याची यादी त्यांनी वहीत केली होती. समीक्षक म्हणून मला हा प्रवेश लांबलेला वाटला. आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची पद्धत आहे. इथे मंडळी हलवायाच्या घराला कुलूप घालायला निघाली होती. मालकाचे पैसे मालकाच्या खिशात राहिले तर त्यातला एक सेंटही या टेबलावर येणार नव्हता. त्याच हिशेबनिसांना कॉफीचा दुसरा कप फुकट मिळाला की इतका आनंद होई की तो पाहून मी त्यांना माफ केलं.

खरा रंग भरला तो टोपीवाले आणि आकडेशास्त्री यांच्या जुगलबंदीत. आकडेशास्त्री गावातल्या जुन्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या फोनमध्ये सगळ्या पिचरांच्या कुंडल्या. त्यांच्या बोलण्यात एक आकडा सारखा यायचा. पिचरनं नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या, तो. जितका कमी तितका बरा, रक्तातल्या साखरेसारखा. २०२२ मध्ये व्हर्लँडरची साखर १.७५ होती, २०२४ मध्ये ५.४८. “याला काय म्हणाल?” असं म्हणून ते फोन सगळ्यांच्या नाकापुढून फिरवायचे, बाळाच्या बारशाचा फोटो फिरवावा तसा.

टोपीवाल्यांकडे फोन होता, पण तो ते उलटा ठेवत. त्यांच्याकडे २ जुलै १९६३ची रात्र होती. अकरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक मैदानावर त्यांनी एक सामना पाहिला. जायंट्सचा पंचवीस वर्षांचा ह्वान मारिशाल आणि मिलवॉकीचा बेचाळीस वर्षांचा वॉरन स्पान समोरासमोर. नऊ डाव झाले, दहा झाले, बारा झाले, पंधरा झाले. कोणालाच धाव करता येईना आणि दोघांपैकी एकही जागा सोडीना. मध्यरात्र उलटून गेली. सोळाव्या डावात विली मेजनं स्पानचा एक चेंडू मैदानाबाहेर मारला आणि सामना १-० असा संपला. ही हकिगत मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा टोपीवाले मेजच्या त्या फटक्यापाशी आले की गप्प होत. संघ त्यांचा जिंकला होता, पण सांगताना चेहरा स्पानकडून असायचा. “बेचाळीस,” ते म्हणायचे. मग सावकाश डोनटचा तुकडा मोडायचे. आमच्याकडे बालगंधर्वांच्या उतारवयातल्या एखाद्या पदाबद्दल बोलताना म्हातारी माणसं अशीच मधेच थांबत. मला दुभाष्याची गरज पडली नाही.

यावर आकडेशास्त्र्यांचं उत्तर असं, की स्पानचं पुढे काय झालं तेही सांगा. सांगण्यासारखं होतंच. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच स्पानला चव्वेचाळिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या संघानं काढून टाकलं आणि जायंट्सनंच घेतलं. त्यांच्याकडून तीन सामने जिंकून गृहस्थ थांबले. या संघाला जुनी भांडी घ्यायची आवडच दिसते. १९८६ मध्ये यांनी स्टीव्ह कार्ल्टनला घेतलं, तेव्हा तो एक्केचाळीसचा होता. २००९ मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या रँडी जॉन्सनला घेतलं आणि त्यानं यांच्याच गणवेशात कारकिर्दीतला तीनशेवा विजय मिळवला. तीनशे विजय मिळवलेले पिचर आजपर्यंत फक्त चोवीस. व्हर्लँडरचे तेव्हा दोनशे बासष्ट होते, आणि त्याचा डोळा तीनशेवर आहे हे जगजाहीर होतं. म्हणजे अजून अडतीस. “तीन वर्षं!” टोपीवाले म्हणत. “तीस वर्षं!” आकडेशास्त्री म्हणत.

इथे या वादातला मुख्य दोष सांगितला पाहिजे, कारण परीक्षणात एक तरी दोष दाखवावा लागतो, नाहीतर लेखक आणि परीक्षक एकाच वाड्यात राहतात असा संशय येतो. दोष असा, की दोन्ही बाजूंनी एकेक देव आणि एकेक भूत पाळलं होतं आणि अडचण आली की तेच अंगात आणायचे. घ्यावं म्हणणाऱ्यांचा देव नोलन रायन. १९८८चा मोसम संपल्यावर ह्यूस्टनवाल्यांनी या बेचाळिशीला टेकलेल्या माणसाचा पगार वीस टक्क्यांनी कमी करायचं काढलं. तो उठला आणि त्याच राज्यातल्या टेक्सास रेंजर्सकडे गेला. तिथे त्यानं पाच हजारावा फलंदाज बाद केला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९९१ मध्ये, समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही फटका न देण्याचा पराक्रम आयुष्यात सातव्यांदा केला. सात वेळा दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. वीस टक्के वाचवणाऱ्या ह्यूस्टनच्या त्या हिशेबनिसाचं पुढे काय झालं कोणी सांगत नाही. आमचे हिशेबनीसही या प्रसंगी खिडकीबाहेर पाहत.

न घ्यावं म्हणणाऱ्यांचं भूत म्हणजे तोच स्टीव्ह कार्ल्टन. तीनशे एकोणतीस विजयांचा मानकरी. फिलाडेल्फियाला १९७२ मध्ये अख्ख्या वर्षात एकोणसाठ विजय मिळाले, त्यांतले सत्तावीस एकट्या याचे. पण १९८६ मध्ये त्यांनी काढल्यावर तो थांबेचना. जायंट्सकडे आला, चार हजारावा फलंदाज बाद केला, निवृत्ती जाहीर केली, आणि आठवड्याभरात शिकागोच्या संघात दिसला. मग क्लीव्हलँड, मग मिनेसोटा. मिनेसोटाचा संघ १९८७ मध्ये जगज्जेता ठरला आणि व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेला. त्या फोटोखाली कार्ल्टनची ओळख, असं सांगतात, ‘अज्ञात सुरक्षारक्षक’ अशी छापून आली. ही गोष्ट सांगताना आकडेशास्त्र्यांना हसू आवरेना. टेबलही हसलं. मी हसलो नाही. निवृत्तीनंतर वर्षभरानं मी माझ्याच शाखेत पासबुक भरायला गेलो होतो, तेव्हा नव्या मुलानं मला ‘काका, रांगेत’ असं म्हटलं होतं. फोटो काढला नव्हता इतकंच.

पण मुद्दा भुताचा. रायनचं झालं म्हणून व्हर्लँडरचं होईल, किंवा कार्ल्टनचं झालं म्हणून व्हर्लँडरचं होईल, हे दोन्ही आपल्या शेजारच्या बाईंच्या औषधोपचारासारखं आहे: ‘आमच्या ह्यांना हेच झालं होतं.’ समोरच्या माणसाचा हात आज काय करतो हे कोणी बोलेना. ते बोलला फक्त ओकलंडकर. त्यांना ओकलंडकर म्हणायचं कारण ते पन्नास वर्षं ओकलंडच्या संघाचे भक्त, आणि तो संघच सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा सामना खेळून गाव सोडून गेला. आपला देव उठून दुसऱ्या गावी गेल्यावर देवळातल्या पुजाऱ्यानं शेजारच्या गावच्या उत्सवात जाऊन बसावं, तसे ते इथे बसत. सुतकातल्या माणसाला कोणी मधे तोडत नाही. ते म्हणाले, या माणसाचा वेगवान चेंडू फलंदाजाला वाटतो त्यापेक्षा वरून जातो, आणि त्यामागून येणारा त्याचा वळणारा चेंडू डोक्याकडून येऊन गुडघ्यापाशी पडतो. वेग थोडा उतरला असेल, पण वरचा आणि खालचा यांतलं अंतर अजून आहे का, एवढंच बघा. सुंभ जळला तरी पीळ राहिला आहे का, असं आपण म्हणालो असतो. सबंध महिन्यातलं हे सर्वांत चांगलं वाक्य. अर्थातच त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

त्याऐवजी लक्ष गेलं मार्गदर्शनाकडे. म्हातारा जिंकला नाही तरी तरुणांना चार गोष्टी शिकवील, असं टोपीवाल्यांनी काढलं. इथे मात्र मी त्यांच्या बाजूनं असूनही माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. मार्गदर्शन हा शब्द कधी वापरतात हे नोकरदाराला सांगायला नको. ‘आम्हाला तुमच्या मार्गदर्शनाचा लाभ पुढेही मिळत राहील’ असं साहेब हारतुऱ्याच्या वेळी म्हणाले की समजावं, खुर्चीवर दुसऱ्याचा टॉवेल पडला आहे. माझ्या निरोप समारंभात ते वाक्य तिघांनी म्हटलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मार्गदर्शनासाठी मला एक फोन आला, तोही लॉकरची जुनी किल्ली सापडत नाही म्हणून. पिचरला पिचर म्हणून घ्यावं. शिकवायला माणूस हवा असेल तर शिकवणारे स्वस्त मिळतात.

आणि तरीही, खरं सांगायचं तर मला त्या व्हर्लँडरचा हेवा वाटत होता. पैशाचा नव्हे. मी साठ वर्षांचा झालो त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला बँकेतून बाहेर पडलो. माझ्या बाबतीत दोन मतं नव्हती. जन्मतारीख पाहिली, फाइल बंद. माझी साखर १.७५ आहे की ५.४८, हे कोणी काढून पाहिलं नाही. इथे एका परक्या माणसासाठी सहा म्हातारे महिनाभर डोनट खात घसा बसेपर्यंत भांडत होते, आणि त्यांतले निम्मे त्याच्या विरुद्ध असले तरी ते त्याचे आकडे पाठ करून आले होते. विरुद्ध बोलायलासुद्धा माणसाची इतकी माहिती काढावी लागते, हे मला फार आवडलं.

वादाचा कळसाध्याय मात्र पोस्टमननी गाजवला. तेही निवृत्त, तीस वर्षं टपाल वाटलेले, टेबलावरचे एकटेच कृष्णवर्णीय. आठ-दहा दिवस ते ऐकतच होते. एका सकाळी त्यांनी सॅचेल पेजचं नाव काढलं आणि फोन, वही, टोपी सगळं खाली ठेवलं गेलं. पेज हा अनेकांच्या मते अमेरिकेतला सर्वांत थोर पिचर. पण १९४७ पर्यंत मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना दारच बंद होतं. त्याचं तारुण्य दुसऱ्या पंगतीत गेलं. १९४८ मध्ये क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांनी त्याला घेतलं, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. तेव्हाही असाच वाद झाला. बेसबॉलचं एक वजनदार साप्ताहिक होतं, त्याच्या संपादकांनी हा जाहिरातीचा तमाशा आहे अशा अर्थाचं लिहिलं. पेजनं त्या वर्षी सहा सामने जिंकले, एक हरला, आणि क्लीव्हलँड जगज्जेतं झालं. त्यानंतर आजतागायत झालेलं नाही.

१९६५ मध्ये कॅन्सस सिटीच्या मालकानं एकोणसाठ वर्षांच्या पेजला एका सामन्यापुरतं बोलावलं. गर्दी जमवायची होती. मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी डोलखुर्ची ठेवली, शेजारी नर्स उभी केली. लोक हसायला आले. पेज खुर्चीतून उठला आणि बॉस्टनविरुद्ध तीन डाव फेकले. एक फटका दिला, धाव एकही नाही. मग पुन्हा जाऊन बसला.

“आणि पेन्शन?” मी विचारलं. माझ्या तोंडून त्या महिन्याभरात गेलेला हा बहुधा एकमेव प्रश्न. पोस्टमननी माझ्याकडे पाहिलं. पेन्शनरच पेन्शनरला ओळखतो. ते म्हणाले, त्याचीच गंमत. पेजचे पेन्शनला लागणारे दिवस भरत नव्हते, दीडशेच्या वर दिवस कमी पडत होते. तरुणपणीची वर्षं धरायची सोय नव्हती, कारण तेव्हा त्याला आत घेतलंच नव्हतं. १९६८ मध्ये अटलांटाच्या संघानं त्याला, त्या वेळी तो बासष्टचा, पटावर घेतलं, ते दिवस भरून निघावेत म्हणून.

त्या सकाळी पुढे वाद झाला नाही. एक्केचाळीसला म्हातारा म्हणायचं त्या दिवसापुरतं तरी सगळे विसरले.

दुसऱ्या दिवशी अर्थातच आठवलं. टेबलावर एक तिशीतला पोरगाही येई. कामावर जाताना कॉफी घ्यायला थांबणारा आणि त्यामुळे कामावर उशिरा पोचणारा. त्याचं एकच पालुपद: तरुण घ्या. कॉर्बिन बर्न्स नावाचा तीस वर्षांचा उत्तम पिचर त्याच थंडीत मोकळा होता. त्याला ॲरिझोनानं सहा वर्षांसाठी एकवीस कोटी डॉलर देऊन नेला. पोरगा हळहळला. हिशेबनिसांनी वहीत भागाकार केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली, की जायंट्सनी व्हर्लँडरला एका वर्षासाठी घेतलं, दीड कोटींनाच. घेणाऱ्यांत मुख्य होते बस्टर पोझी, जे स्वतः २०१२च्या अंतिम मालिकेत जायंट्सकडून खेळले होते. त्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात समोर व्हर्लँडर होता, आणि पाब्लो सँडोव्हालनं त्याचे दोन चेंडू मैदानाबाहेर मारले होते. ज्याला आपण झोडपला त्यालाच बारा वर्षांनी मानानं घरी आणायचं, ही गोष्ट मला विलक्षण सुसंस्कृत वाटली.

मे महिन्यात मी परतलो. पुढचा अंक पुण्यातून पाहिला. सॅन फ्रान्सिस्कोचा संध्याकाळी पावणेसातचा सामना म्हणजे आमची सकाळची सव्वासात. फोनवर आकडे हलताना दिसत. आमची ही म्हणायची, “शेअर घेतलेत का कसले?” आकडे तसेच होते. पहिले सोळा सामने व्हर्लँडरला एकही विजय नाही, आठ पराभव. मधे छातीचा स्नायू दुखावून महिनाभर बाहेर. पिचरच्या नावावर विजय लागायचा तर त्यानं किमान पाच डाव टाकायचे, संघाला पुढे ठेवून जायचं, आणि मागाहून येणाऱ्यांनी ती आघाडी राखायची. म्हणजे स्वयंपाक एकानं करायचा आणि वाढणाऱ्यानं सांडलं तर हात पहिल्याचा धरायचा. त्यानं चांगलं टाकलं त्या दिवशी फलंदाज झोपत, आणि फलंदाज जागे असले की मागचे सांडत. अखेर २३ जुलैला, सतराव्या सामन्यात, अटलांटाविरुद्ध पाच डावांत एकही धाव न देता पहिला विजय लागला. ऑगस्टमध्ये त्यानं साडेतीन हजारावा फलंदाज बाद केला, तो पल्ला गाठणारा दहावा पिचर ठरला. आणि तो सामना संघ हरला. वर्षअखेर एकोणतीस सामने, एकशे बावन्न डाव, चार विजय, अकरा पराभव. साखर ३.८५, म्हणजे औषधाशिवाय चालेल इतकी. तरुण बर्न्सचं कोपर जूनमध्ये गेलं. अकरा सामने खेळून तो टॉमी जॉनच्या टेबलावर चढला.

नातवाकडून कळलं, की डोनटच्या दुकानात दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. ‘फक्त चार!’ असं आकडेशास्त्री म्हणाले नाहीत, नवल म्हणजे ते टोपीवालेच म्हणाले, खिन्न होऊन; आणि ‘३.८५!’ असं फोन फिरवत आकडेशास्त्री त्याच्या बाजूनं बोलू लागले. बाजू बदलल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. संघानं सबंध वर्षात एक्क्याऐंशी सामने जिंकले आणि एक्क्याऐंशी हरले. त्यामुळे मैदानाकडूनही निकाल मिळण्याची आशा संपली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्लँडर पुन्हा मोकळा झाला. पुन्हा शेगडी पेटली. नातवाचा फोन आला.

“आजोबा, आता तो फॉर्टी-थ्री होणार. तुम्ही कोणत्या साइडला?”

“तो स्वतः काय म्हणतोय?”

“तो म्हणतो, अजून खेळायचंय.”

“मग मी त्या साइडला.”

“पण आजोबा, एवढे मिलियन्स?”

“तुझ्या बाबांचे आहेत का रे?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यानं सांगितलं, की हेच वाक्य तो उद्या हिशेबनिसांना ऐकवणार आहे, आणि त्याचं इंग्रजी नीट कसं करायचं?